नर्सरी ते दहावी एकाच खासगी शाळेत: निवड कोणत्या क्रमानं करायची

दिवाळीच्या आगेमागे आमच्या सोसायटीतल्या नव्या आईबाबांचे फोन सुरू होतात. सुरुवात बहुतेक सारखीच असते: "ताई, फॉर्म भरला, पैसेही भरले, आता कळतंय की..." त्या "की"च्या पुढे दरवेळी वेगळी गोष्ट निघते. नववीची मान्यताच आलेली नाही. केजीची इमारत वेगळ्या संस्थेची आहे आणि पहिलीला पुन्हा प्रवेश शुल्क आहे. बस घरापाशी सगळ्यात आधी येते, म्हणजे पोराला सव्वा तास बसमध्ये काढायचाय. यातलं काहीही गुपित नव्हतं. पैसे भरण्याआधी विचारलं असतं तर अर्ध्या तासात कळलं असतं.

चूक होते ती क्रमात. आपण आधी शाळा बघायला जातो, रंगीत वर्ग बघून भुलतो, फॉर्म भरतो, पैसे देतो आणि कागद शेवटी बघतो. माझी दोन्ही मुलं खासगी शाळांत शिकली आणि तीन वर्षं मी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत काम केलं. त्या अनुभवावरून हा क्रम लिहिते आहे. तो महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांसाठी आहे: जिथे मूल रोज घरून जातं-येतं आणि नर्सरीपासून दहावी-बारावीपर्यंत तिथेच राहील अशी आपली अपेक्षा असते.

## १. आधी घरात बसून एक कागद लिहा

हे काम एका संध्याकाळचं आहे, पण घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसून करायचं. आजी-आजोबा मुलाला सांभाळणार असतील तर तेही हवेत.

कागदावर पाच गोष्टी येऊ द्या. पुढच्या दहा वर्षांत घर किंवा गाव बदलण्याची शक्यता किती? घरात कोणती भाषा बोलली जाते आणि अभ्यास कोण घेणार? वर्षाला फीसाठी ओढाताण न करता किती रक्कम निघेल? सकाळी मुलाला कोण सोडणार आणि दुपारी घरी कोण असणार? आणि मुलाला वेगळ्या मदतीची गरज आहे का: उशिरा बोलणं, ऐकण्यातली अडचण, फार चंचलपणा?

बदलीची नोकरी असेल तर वयाचा हिशेब आत्ताच करा. आपल्या राज्यात नर्सरीला ३ आणि पहिलीला ६ वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावी लागतात. केंद्रीय विद्यालयांत पहिलीचं वय ३१ मार्चला मोजतात. म्हणजे नोव्हेंबरात जन्मलेलं मूल इथे बसतं आणि तिकडे गेलं की एक वर्ष मागे पडतं. माझं मत विचाराल तर ऑक्टोबर ते डिसेंबरात जन्मलेल्या मुलाला नर्सरीत घालायची घाई करू नका. वर्गातली सगळ्यात लहान मुलं सातवी-आठवीपर्यंत धापा टाकत पळताना मी पाहिली आहेत.

तपासा: या कागदावर शाळेचं नाव अजून एकही नसलं पाहिजे. आधी नाव लिहिलं की बाकीची उत्तरं आपण त्या शाळेला सोयीची करून घेतो.

## २. शाळेचे सांधे शोधा

"नर्सरी ते दहावी" असं फाटकावर लिहिलेलं असतं, पण ती एकसंध गोष्ट नसते. तिला चार ठिकाणी सांधे असतात आणि मूल अडकतं ते तिथेच. शाळेच्या कार्यालयात फोन करून प्रत्येक सांध्याबद्दल विचारा.

सिनिअर केजी ते पहिली. शाळेची शासकीय मान्यता पहिलीपासून बघितली जाते. केजीचे वर्ग कित्येकदा वेगळ्या संस्थेच्या किंवा फ्रँचायझीच्या नावावर चालतात. म्हणून विचारा: केजीतलं मूल पहिलीत आपोआप जातं की नवा अर्ज, नवं प्रवेश शुल्क? केजीच्या तुकड्या किती आणि पहिलीच्या किती? केजीच्या सहा आणि पहिलीच्या चार असतील, तर दोन तुकड्यांची मुलं कुठे जातात हे त्यांच्याकडूनच ऐका.

चौथी ते सहावीच्या मध्ये कुठेतरी. इथे इमारत बदलते किंवा सकाळची शाळा दुपारची होते. दोन मुलं असतील तर घराचं वेळापत्रक इथेच कोलमडतं.

आठवी ते नववी. हा सांधा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण ६ ते १४ वयाला, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीपासून शाळेचा हात मोकळा होतो. दहावीचा निकाल शंभर टक्के ठेवण्यासाठी काही शाळा कच्च्या मुलांच्या पालकांना नववीतच बोलावून दाखला घेऊन जायला सुचवतात. हे ओळखायची साधी युक्ती आहे: दोन वर्षांपूर्वी आठवीचा पट किती होता आणि यंदा दहावीला किती मुलं बसली, हे दोन आकडे मागा. ९० मुलांतली ८६ बसली तर ठीक. ९० मधली ६२ बसली असतील, तर भिंतीवरच्या निकालाच्या फ्लेक्सला काही अर्थ नाही.

दहावी ते अकरावी. राज्य मंडळाच्या अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं होतात. संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय आवारातच असलं तरी इन-हाउस कोटा, म्हणजे आपल्याच शाळेतल्या मुलांसाठी राखलेल्या जागा, १० टक्के असतो. सीबीएसई शाळेत बारावीपर्यंतची संलग्नता (मंडळाशी अधिकृत जोडणी) असेल तर विज्ञान, वाणिज्य आणि कला यांपैकी कोणत्या शाखेत सध्या खरोखर मुलं आहेत ते विचारा. माहितीपत्रकात तिन्ही छापलेल्या असतात.

इशारा: फाटकावर "सीबीएसई पॅटर्न" लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांतही प्राथमिक, माध्यमिक आणि अकरावी-बारावीच्या कार्यक्रमांना वेगवेगळी मान्यता लागते. "कँडिडेट स्कूल" याचा अर्थ ती मान्यता अजून मिळायची आहे.

## ३. कागद बघा, आणि स्वतः बघा

माझी मोठी मुलगी आठवीत होती. जानेवारीतल्या पालकसभेत आम्हाला सांगण्यात आलं की नववीचा प्रस्ताव अजून मंजूर व्हायचा आहे, पण काळजी नको, मुलं "आमच्याच दुसऱ्या शाळेतून" बोर्डाला बसतील. ती दुसरी शाळा अकरा किलोमीटरवर होती आणि दाखल्यावर नावही तिचंच लागणार होतं. सभागृहात चाळीसेक पालक होतो, सगळे शिकलेसवरलेले. मान्यतेचं प्रमाणपत्र मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर फ्रेम करून लावलेलं होतं आणि त्यावर "इयत्ता १ ली ते ८ वी" असं स्वच्छ टाइप केलेलं होतं. त्या फ्रेमखालच्या बाकावर मी सात वर्षं बसत आले होते. एकदाही मान वर करून वाचलं नव्हतं.

म्हणून हे चार कागद, याच क्रमानं:

१. यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचं नाव, पत्ता, व्यवस्थापनाचा प्रकार आणि वर्ग दिसतात. तिथला पत्ता आणि तुम्ही बघितलेली इमारत एकच आहे ना, हे पडताळा.

२. शिक्षण विभागाची मान्यता. स्वयंअर्थसहाय्यित शाळा असेल तर २०१२ च्या अधिनियमाखाली मिळालेली. त्यावर दोन गोष्टी वाचा: कोणत्या इयत्तेपर्यंत आणि कोणत्या माध्यमासाठी. फक्त इरादापत्र, म्हणजे मान्यतेच्या आधीच्या टप्प्यावरचं पत्र, दाखवलं तर ती मान्यता नव्हे.

३. मंडळाची संलग्नता. सीबीएसई असेल तर संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे पातळी आणि मुदत दोन्ही कळतात. आयसीएसई असेल तर ती परीक्षा घेणाऱ्या सीआयएससीई मंडळाच्या संकेतस्थळावर. राज्य मंडळाच्या शाळेला दहावीचा इंडेक्स क्रमांक, म्हणजे मंडळानं शाळेला दिलेला क्रमांक, विचारा. क्रमांक दुसऱ्याच शाळेचा निघाला तर मुलं परीक्षेला कोणाच्या नावावर बसतात हे तुम्हाला कळलं.

४. इमारत आणि अग्निसुरक्षेचे दाखले. सीबीएसई शाळांना ही कागदपत्रं आणि शिक्षकांची संख्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. पान उघडा, तारखा वाचा. मुदत संपलेला दाखला स्कॅन करून तसाच ठेवलेला बरेचदा सापडतो.

मुंबई महापालिका आपल्या हद्दीतल्या अनधिकृत शाळांची यादी प्रसिद्ध करते. इतर ठिकाणी जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात विचारा. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्यांना कायद्यानं एक लाखापर्यंत दंड आहे. पण दंड संस्थेला होतो आणि शाळा बदलावी लागते ती आपल्या मुलाला.

तपासा: "कागद ट्रस्टच्या ऑफिसात आहेत" हे उत्तर एकदा चालेल. दुसऱ्यांदा तेच मिळालं तर ती शाळा यादीतून काढा.

## ४. तेरा वर्षांचा हिशेब

नर्सरी ते दहावी म्हणजे तेरा वर्षं. बहुतेक घरं पहिल्या वर्षाच्या फीवर निर्णय घेतात. समजा आज फी ८०,००० आहे आणि शाळेनं दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ घेतली. तर दहावीच्या वर्षी फी साधारण १,८५,००० होते आणि तेरा वर्षांची बेरीज जवळपास १५ लाख ८६ हजार. यात बस, गणवेश, पुस्तकं, सहली, क्लास काही नाही. धाकटं भावंड असेल तर दुसरा रकाना काढा, कारण मधली काही वर्षं दोन्ही फिया एकदमच येतात.

हा तक्ता एका पानावर करून पाहा. पहिल्या पायरीत घरी लिहिलेल्या कागदावरची रक्कम त्यात कुठल्या इयत्तेपर्यंत पुरते, तिथे रेघ मारा. रेघ सहावीच्या आधी पडत असेल तर त्या शाळेत नर्सरीतच जाऊ नये असं मला ठामपणे वाटतं. पैशांमुळे सातवीत मित्रांपासून तुटलेलं मूल त्याचं कारण स्वतःत शोधतं.

कायद्याचं एवढं लक्षात असू द्या. २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार शाळेनं फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी असते. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. म्हणून कार्यालयात विचारा: चिठ्ठ्या कधी टाकल्या, शेवटची बैठक कधी झाली, मंजूर फीचा कागद फलकावर कुठे आहे? ज्या शाळेत हे नीट चालतं तिथे या प्रश्नाचं उत्तर कारकूनसुद्धा पटकन देतात.

## ५. रस्ता

शाळेच्या वेळेला, सोमवारी, स्वतः जाऊन या. रविवारी दुपारी गाडीनं वीस मिनिटं लागली, याला काही अर्थ नाही.

मी एकदा शेजारच्या मुलीला सोडायला बसथांब्यावर गेले होते. सकाळचे सहा पन्नास. बसमध्ये आधीच चौघं होती. त्यातला एक केजीतला मुलगा दप्तरावर गाल टेकून झोपलेला, तोंडापाशी दुधाची रेघ वाळलेली. शाळा आठ किलोमीटरवर होती आणि त्याला अजून चौदा थांबे फिरून तिथे पोचायचं होतं. तेव्हापासून मी अंतर विचारत नाही, थांबे विचारते. केजीच्या मुलाला एका बाजूला पस्तीस मिनिटं, मोठ्याला पन्नास, यापलीकडे मी जाणार नाही.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२४ चा निर्णय आहे. शाळा तो पाळते का, आणि नसेल तर का, हे विचारायला संकोच नको. बसबद्दल तीन प्रश्न पुरतात: बस शाळेची की ठेकेदाराची, महिला सहायक शेवटचं मूल उतरेपर्यंत असते का, आणि शाळेची परिवहन समिती शेवटची कधी बसली.

## ६. आता शाळेत जा, आणि वरच्या मजल्यापासून बघा

ओपन हाउसच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी तुम्हाला तळमजला दाखवतात: घसरगुंडी, रंगवलेल्या भिंती, हसऱ्या टीचर. कामकाजाच्या दिवशी वेळ मागा आणि "आम्हाला सातवी ते नववीचे वर्ग आधी बघायचेत" असं सांगा. तुमचं मूल तळमजल्यावर तीन वर्षं असेल आणि वरच्या मजल्यांवर दहा.

वह्या. सातवीच्या गणिताच्या आणि मराठीच्या दोन-तीन वह्या बघायला मागा. मी पाहिलेल्या एका वहीत पानापानावर लाल बरोबरची खूण होती, सही होती, तारीख होती. तिसऱ्या पानावर ३/४ अधिक १/४ चं उत्तर ४/८ लिहिलेलं, आणि त्यालाही तीच खूण. दुसऱ्या शाळेतल्या वहीत बाईंनी एका गणिताखाली लिहिलं होतं: "रीत बरोबर, तिसऱ्या ओळीत चिन्ह पाहा." शिकवण्याचा दर्जा मला त्या एका ओळीत समजला.

स्वच्छतागृहं. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची बघा. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, मुलींच्या बाजूला झाकणाचा कचऱ्याचा डबा आहे का. दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली याच कारणानं पाणी पीत नाहीत.

शिक्षक. शिक्षण हक्क कायद्यानं पाचवीपर्यंत ३० मुलांमागे आणि सहावी ते आठवी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलंय. आकडा कार्यालयात न विचारता वर्गातले बाक मोजा. एखाद्या शिक्षिकेला सहज विचारा, "तुम्ही इथे किती वर्षं आहात?" चार जणींपैकी तिघींनी "यंदाच लागले" सांगितलं, तर शाळेत काहीतरी बिनसलेलं आहे.

मराठीचा तास. २०२० च्या कायद्यानं सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. वर्गावर लावलेल्या वेळापत्रकात आठवड्याचे तास मोजा, आणि मराठी शिकवायला त्या विषयाचे शिक्षक आहेत की रिकामा तास असलेलं कोणीही, हेही बघा.

सुरक्षितता. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांबद्दल आदेश काढले. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समितीही शाळेत असायला हवी. कॅमेरे आहेत का, एवढंच विचारून थांबू नका. चित्रण रोज कोण बघतं? केजीच्या मुलांना स्वच्छतागृहात कोण नेतं आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोण? हा दुसरा प्रश्न विचारल्यावर समोरचा थबकला तर उत्तर तयार नाही असं समजा.

मुलाला वेगळ्या मदतीची गरज असेल तर विशेष शिक्षिकेला प्रत्यक्ष भेटूनच या. "आमच्याकडे आहे की" यावर विसंबू नका.

इशारा: पहिल्या भेटीत मुलाला सोबत नेऊ नका. ते घसरगुंडीवरून खाली यायला तयार नसतं आणि निर्णय तिथेच होऊन जातो. मूल दुसऱ्या भेटीत.

## ७. कोणाला विचारायचं

नर्सरीच्या पालकांना विचारून फारसं हाती लागत नाही, तेही अजून नव्या नवलाईत असतात. नववी-दहावीच्या दोन पालकांना भेटा, आणि शाळा सोडून गेलेल्या एका कुटुंबाला शोधाच. शाळेबाहेर उभ्या असणाऱ्या रिक्षाकाकांशीही बोला. कुठली शाळा किती वाजता खरोखर सुटते, कुठल्या मुलांचे डबे तसेच परत जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

"शाळा कशी आहे?" असं विचारलं की "छान आहे" असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: "मागच्या वर्षी तुम्ही कसली तक्रार केलीत आणि पुढे काय झालं?"

## ८. अर्ज, नाव आणि पैसे

अर्ज शक्यतो दोन शाळांत भरा. चार-पाच ठिकाणी भरले की घाईत पैसे अडकतात.

अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे नाव, आणि तोच सगळ्यात निष्काळजीपणे भरला जातो. शाळेच्या जनरल रजिस्टरला जे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात चढते, तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर येतं. जन्मदाखला, आधार आणि अर्ज या तिन्हींवर स्पेलिंग अक्षरशः एक असू द्या. वडिलांच्या नावापुढे कुठे "राव" आणि कुठे नाही, आईचं नाव एकीकडे माहेरचं, असं असेल तर आधी कागद दुरुस्त करा, मग अर्ज. जातीची नोंद पुढे जात पडताळणीला लागते, तेव्हा ती वडिलांच्या किंवा आजोबांच्या दाखल्याशी ताडून लिहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे.

मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं बंदी आहे. देणगी घेण्यालाही त्याच कलमानं आणि राज्याच्या १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना मात्र शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, म्हणून तो दर्जा आहे का हे आधी विचारून घ्या. "बिल्डिंग फंड रोख द्या, पावती नंतर" असं कोणी म्हणालं तर उठून या. अशा ठिकाणी पुढची तेरा वर्षं प्रत्येक गोष्ट अशीच मागितली जाईल.

पैसे ऑनलाइन किंवा चेकनं भरा. पावतीवर शिकवणी शुल्क वेगळं दाखवायला सांगा, कारण जुन्या करप्रणालीत वजावट फक्त त्याच रकमेवर मिळते. प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतात, ती ओळ अर्जात बोट ठेवून वाचा. गणवेश आणि वह्या ठरावीक दुकानातूनच घ्यायची सक्ती शाळेला करता येत नाही, हेही त्याच वेळी सांगून टाकलेलं बरं.

## ९. प्रवेश झाल्यावर पहिल्या महिन्यात

एक फाइल करा. तिच्यात मान्यतेच्या प्रमाणपत्राचा फोटो, संलग्नतेच्या पानाची तारखेसह छापील प्रत, सगळ्या पावत्या, अर्जाची झेरॉक्स आणि तेरा वर्षांचा तक्ता ठेवा. मग शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली मुलाची नोंद दाखवायला सांगा आणि अक्षर न् अक्षर वाचा. चूक असेल तर आत्ता एका अर्जावर दुरुस्त होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर गेल्यानंतर तीच चूक काढायला शाळा, शिक्षणाधिकारी कार्यालय आणि विभागीय मंडळ अशा फेऱ्या पडतात.

फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं दोन तारखा लिहून ठेवा: संलग्नतेची मुदत संपते ती, आणि मूल सातवीत जाईल ते वर्ष. त्या वर्षी जूनमध्ये पुन्हा कार्यालयात जाऊन नववी-दहावीचा कागद बघायचा आहे.